दहावा माणूस : व्हिटबीच्या परिसरातील सिनेगॉग आणि कोकणातील इस्राएल आळी

टोरोंटोहून ४०१ महामार्गाने पूर्वेकडे निघाले की पिकरिंग, एजॅक्स, व्हिटबी आणि ओशावा ही नगरे एकामागून एक लागतात. ऑन्टारियो सरोवराच्या काठची ही वस्ती दरहम विभागात मोडते. २०२१ च्या जनगणनेनुसार व्हिटबीची लोकसंख्या १ लाख ३८ हजारांवर होती आणि संपूर्ण विभागाची सुमारे ७ लाख. अणुऊर्जा केंद्रे, ओशावातील विद्यापीठ आणि टोरोंटोच्या मानाने जरा आवाक्यातली घरे यांमुळे मराठी कुटुंबेही इकडे स्थिरावली आहेत. शाळेतल्या मित्राच्या ‘बार मित्झ्वा’चे निमंत्रण मुलाच्या दप्तरातून घरी येते, किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनानंतर ‘शिवा’च्या वेळा कळवणारा निरोप कार्यालयात फिरतो, तेव्हा या कुटुंबांना प्रथमच प्रश्न पडतो की सिनेगॉगमध्ये नेमके चालते काय आणि परक्याने तिथे जावे कसे.

दरहममध्ये ज्यूंची संख्या अगदी थोडी आहे. २०२१ मध्ये कॅनडात सुमारे ३ लाख ३५ हजार लोकांनी आपला धर्म ज्यू असा नोंदवला आणि त्यांतील जवळपास निम्मे टोरोंटो महानगराच्या परिसरात राहतात. मात्र ही वस्ती महानगरभर सारखी विखुरलेली नाही. टोरोंटोच्या मध्यातून उत्तरेकडे जाणाऱ्या बॅथर्स्ट स्ट्रीटच्या दोन्ही अंगांनी ती थॉर्नहिलपर्यंत आणि त्याही पलीकडे दाटीने पसरली आहे. याला धार्मिक कारण आहे. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, कर्मठ ज्यू वाहन चालवीत नाहीत. त्यामुळे घर सिनेगॉगपासून पायी जाण्याच्या अंतरावर असावे लागते. व्हिटबीत घर घेणाऱ्या ज्यू कुटुंबाने ही सोय आधीच सोडलेली असते. त्याच्यासाठी या भागात ओशावाचे ‘बेथ झायन’ हे सिनेगॉग आहे आणि रिफॉर्म पंथाची ‘बनेई शालोम व्हतिक्वा’ ही छोटी मंडळी आहे. या नावाचा अर्थ ‘शांती आणि आशेची लेकरे’. त्यातला ‘बनेई’ आणि आपल्या कोकणातील ‘बेने इस्राएल’मधला ‘बेने’ हा एकच शब्द.

अशा छोट्या मंडळीचा सारा व्यवहार एका आकड्याभोवती फिरतो. तो आकडा दहा. ज्यू धर्मशास्त्रानुसार सार्वजनिक प्रार्थनेचे काही भाग दहा सज्ञान माणसे हजर असल्याशिवाय म्हणता येत नाहीत. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. एकटा माणूस घरी प्रार्थना करू शकतो, नव्हे, त्याने ती करावीच. पण तोराच्या गुंडाळीतून विधिपूर्वक वाचन करायचे, किंवा मृतासाठी ‘कद्दिश’ म्हणायची, तर दहा जण लागतात. नऊ विद्वान जमले तरी चालत नाही आणि दहा अडाणी जमले तरी चालते. मोठ्या शहरात हा आकडा कुणाच्या लक्षातही येत नाही. छोट्या गावात मात्र फेब्रुवारीच्या बर्फात शनिवारी सकाळी आठ जण बसलेले असतात आणि उरलेल्या दोघांना कुणीतरी फोन लावत असतो.

‘सिनेगॉग’ हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ जमाव किंवा सभा. हिब्रूत याला ‘बेत क्नेसेत’, म्हणजे जमण्याचे घर म्हणतात. मराठीत सहज ‘ज्यूंचे मंदिर’ असे म्हटले जाते, पण ज्यूंचे मंदिर एकच होते, जेरुसलेममध्ये, आणि ते इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने पाडले. त्यानंतर ना मूर्ती, ना गाभारा, ना नैवेद्य. सिनेगॉगमध्ये एका भिंतीशी पडदा लावलेले कपाट असते आणि त्यात तोराच्या गुंडाळ्या ठेवतात. कातड्यावर बोरूने हाताने लिहिलेल्या अशा एका गुंडाळीत ३ लाख ४ हजार ८०५ अक्षरे असतात, आणि एक अक्षर जरी पुसट झाले तरी दुरुस्ती होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. कपाटावर एक दिवा अखंड तेवत असतो. आपल्याकडच्या नंदादीपाची आठवण व्हावी असा, फक्त हल्ली बहुधा विजेचा. कपाटाची भिंत जेरुसलेमच्या दिशेने असते. व्हिटबीत ती दिशा पूर्व. अलिबागच्या सिनेगॉगमध्ये पश्चिम, समुद्राकडची.

धर्मगुरू म्हणजे ‘रब्बी’ हा पुजारी नव्हे. तो शिकलेला माणूस, शिक्षक आणि धर्मशास्त्राचा सल्लागार असतो, आणि रिफॉर्म पंथात ती स्त्रीही असू शकते. रब्बीविना प्रार्थना अडत नाही. पूर्णवेळ रब्बीचा पगार न परवडणाऱ्या कितीतरी लहान मंडळी सणांपुरता रब्बी बोलावतात आणि एरवी सभासदच प्रार्थना चालवतात. कोकणातील बेने इस्राएलांना हे नवे नाही. त्यांच्यात रब्बी नव्हतेच. गावकीचा प्रमुख मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुला, हिशेब पाहणारा गबाय आणि विधी करणारा काजी, अशी त्यांची रचना होती. यांतला गबाय तेवढा हिब्रू. बाकीची पदे मराठी मुलखातलीच, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून घेतलेली.

पैशाची व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे, कारण परदेशातील मराठी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना ती ओळखीची वाटेल. शब्बाथला पैशाला हात लावणे निषिद्ध असल्यामुळे प्रार्थनेच्या वेळी तबक फिरत नाही, दानपेटीही खुळखुळत नाही. सिनेगॉग चालते ते वार्षिक वर्गणीवर. कुटुंबाने सभासद व्हायचे, वर्गणी भरायची आणि मग मुलांचे वर्ग, सणांतील जागा, वेळप्रसंगी दफनभूमीतील सोय असे हक्क मिळतात. न परवडणाऱ्याला बहुतेक ठिकाणी खासगीत सूट देतात. सभासद घटले की प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च वाढतो आणि खर्च वाढला की आणखी काही जण गळतात. उत्तर ऑन्टारियोतील टिमिन्स आणि कर्कलँड लेक या खाणींच्या गावांत एकेकाळी भरती असलेली सिनेगॉग होती. पुढची पिढी शिक्षणासाठी टोरोंटोला गेली ती परतलीच नाही, आणि ती सिनेगॉग बंद पडली.

आठवड्याचा कणा म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ. व्हिटबीत डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आतच मावळतो आणि जूनमध्ये नऊच्या सुमारास. सूर्यास्ताला धरून चालायचे तर हिवाळ्यात कामावरून कुणी पोहोचणार नाही. म्हणून रिफॉर्म मंडळी बहुधा संध्याकाळची एक सोयीची वेळ ठरवून घेतात. मेणबत्त्या लावतात, शब्बाथला नववधूसारखे सामोरे जाऊन गाणी म्हणतात, शेवटी द्राक्षरसाचा प्याला आणि वेणीसारखा गुंफलेला ‘खाला’ हा पाव. प्रार्थना उरकली की चहा, केक आणि गप्पा. खरे सांगायचे तर छोट्या मंडळीत या गप्पांचे मोल प्रार्थनेहून कमी नसते. कुणाची नोकरी गेली, कुणाच्या आईला रुग्णालयात हलवले, कुणाला गाडीने आणावे लागेल, हे इथेच कळते.

रविवारी सकाळी मुलांचे हिब्रू वर्ग भरतात. मराठी शाळा चालवणाऱ्या पालकांना इथल्या अडचणी सांगायला नकोत: हॉकीचा सराव त्याच वेळी असतो, घरी ती भाषा कुणी बोलत नाही, आणि मुलाला मुळाक्षरे येतात पण अर्थ कळत नाही. फरक एका गोष्टीचा आहे. हिब्रू वर्गाला तेराव्या वर्षी एक ठोस मुक्काम असतो, त्याचे नाव बार मित्झ्वा, मुलीसाठी बात मित्झ्वा. त्या दिवशी मूल सर्वांसमोर उभे राहून गुंडाळीतून त्या आठवड्याच्या पाठातील काही भाग वाचते. गुंडाळीत स्वरचिन्हे नाहीत, विरामचिन्हे नाहीत. प्रत्येक शब्दाची चाल पाठ असावी लागते. वेदपाठशाळेतील स्वरांचा काटेकोरपणा ज्यांनी पाहिला आहे त्यांना याची कल्पना येईल. अक्षरांना बोट लावायचे नाही म्हणून टोकाला इवलासा हात असलेली चांदीची काडी ओळीवरून फिरवतात. वाचून झाल्यावर मूल त्या पाठावर स्वतःचे चार विचार मांडते आणि मोठी माणसे त्याच्याशी वादही घालतात. नंतरची मेजवानी कितीही दणक्यात झाली, तरी ती गौण. या दिवसापासून ते मूल दहांत मोजले जाते, हे मुख्य. मुलींना हा मान मिळायला वेळ लागला. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रब्बी मोर्डेकाय काप्लान यांच्या जुडिथ या मुलीची बात मित्झ्वा झाली, ती उत्तर अमेरिकेतील पहिली मानली जाते.

वर्षाचे चक्र मराठी माणसाला चटकन उमगते, कारण ज्यू पंचांगही चांद्रमासाचे आहे आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यातही अधिक महिना घालतात. एकोणीस वर्षांत सात. २०२५ मध्ये दोन्ही पंचांगे हातात हात घालून चालली. पुरीम हा सोंगे काढण्याचा, गोंगाटाचा सण होळीला आला. वल्हांडण, म्हणजे पेसाख, चैत्री पौर्णिमेच्या रात्री सुरू झाला. नवे वर्ष, रोश हशाना, घटस्थापनेच्या संध्याकाळी लागले. योम किप्पूरचा कडक उपवास दसऱ्याच्या दिवशी आणि सुक्कोथची पहिली रात्र कोजागरीची. २०२६ मध्ये ही जोडी सुटते. मराठी पंचांगात अधिक ज्येष्ठ येतो आणि ज्यू पंचांगातला जादा महिना २०२७ च्या सुरुवातीस. त्यामुळे त्यांचे नवे वर्ष ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी, गणेशचतुर्थीच्या तीन दिवस आधी सुरू होते. २०२७ च्या होळी-पुरीमला पुन्हा गाठ पडते.

बेने इस्राएलांनी या सणांना अस्सल मराठी नावे दिली होती. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’. जेरुसलेमच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ केलेला उपवास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडायचा. योम किप्पूरला ते ‘दरफाळणीचा सण’ म्हणत, दार बंद करण्याचा सण. त्या दिवशी कुटुंब पांढरी वस्त्रे नेसून दार लावून घरात बसे आणि बाहेरच्यांचा संपर्क टाळी. सिनेगॉगमध्ये योम किप्पूरची शेवटची प्रार्थना ‘नेइला’ या नावाने ओळखली जाते. त्या शब्दाचाही अर्थ बंद होणे, दारे मिटणे असाच आहे. हिब्रू जवळजवळ विसरलेल्या तेल्यांच्या घरांत ती कल्पना मराठी होऊन टिकून राहिली, हे विलक्षण म्हणायला हवे.

कारण बेने इस्राएलांना कित्येक शतके सिनेगॉगच नव्हते. समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव विखुरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ ठरले. गावाच्या नावावरून आडनावे पडली: दिवेकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. एका गावात एखाद-दुसरे घर. दहा पुरुष जमणार कुठून? त्यांनी सुंता, शब्बाथ, खवले आणि पर असलेल्याच माशाचा नियम, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना एवढेच जपले. लग्न असो, बारसे असो, मयत असो, शेमा म्हणायची. सिनेगॉग आले ते लोक मुंबईला, पलटणीत आणि कचेऱ्यांत, एकत्र आल्यावर. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मशीद बंदर भागात ‘शाअर हारहामीम’ उभारले. लोक त्याला आजही ‘जुनी मशीद’ म्हणतात आणि त्या गल्लीला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले. पुढे अलिबागला १८४८, पनवेलला १८४९ आणि ठाण्याला १८७९ मध्ये सिनेगॉग झाले. पुण्यात १८७४ मध्ये छापलेल्या मराठी-हिब्रू हग्गादात लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून वल्हांडणाची बेखमीर भाकर लाटताना दाखवल्या आहेत. त्याच सुमारास यहुदी कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

हग्गादा हे पुस्तक ज्या रात्री वाचतात, ती वल्हांडणाची ‘सेदेर’ परक्या पाहुण्यासाठी सर्वांत सोपी ओळख आहे. मिसरच्या गुलामगिरीतून सुटल्याची कथा जेवणाच्या टेबलावर बसून वाचायची, घरातल्या सर्वांत लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे, कडू पाला आणि मिठाचे पाणी चाखायचे आणि टेबलावर एक प्याला प्रेषित एलियासाठी भरून ठेवायचा. पहिली रात्र बहुधा घरची. दुसऱ्या रात्री अनेक सिनेगॉग सामुदायिक सेदेर ठेवतात, त्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते. शाकाहारी जेवण मिळेल का, हे विचारण्यात संकोच नको. मात्र घरून पदार्थ नेऊ नये. वल्हांडणात खमिराचा कण चालत नाही आणि इतर वेळीही ‘कोशर’चे नियम असतात, प्रेमाने नेलेला श्रीखंडाचा डबा यजमानाला अवघडून टाकतो.

एकूणच पाहुण्याकडून फार काही अपेक्षित नसते. दाराशी टोपलीत ठेवलेली छोटी गोल टोपी पुरुषांनी डोक्यावर घ्यावी, मग धर्म कोणताही असो. कपाट उघडले की सर्व उभे राहतात तेव्हा उभे राहावे. पुस्तक उलट्या बाजूने उघडते, आणि पान चुकले तर शेजारचा माणूस स्वतःहून दाखवतो. शब्बाथला छायाचित्रे काढू नयेत. ‘शब्बात शालोम’ एवढे म्हटले तरी पुरे.

मृत्यूच्या प्रसंगी मात्र शेजाऱ्याची खरी गरज भासते. ज्यू दफन शक्य तितक्या लवकर करतात, बहुधा दुसऱ्या दिवशीच. मृतदेहाला स्नान घालून साधे पांढरे वस्त्र नेसवण्याचे काम ‘हेव्रा कदिशा’ ही स्वयंसेवकांची टोळी करते. हे परोपकारांतले सर्वांत निर्मळ काम समजतात, कारण मृत माणूस आभार मानू शकत नाही. मग सात दिवस कुटुंब घरी बसते. ‘शिवा’ म्हणजे सात. आरसे झाकतात, घरचे लोक बुटक्या आसनांवर बसतात, स्वयंपाक शेजारी आणतात. कोकणात सुतकाच्या घरी शेजारून पिठले-भात जातो, तसेच. भेटायला येणाऱ्याने आपण होऊन बोलायला सुरुवात करू नये; दुःखी माणूस बोलेल तेव्हा बोलावे, नाही बोलला तर नुसते बसावे. फुले नेण्याची पद्धत नाही.

संध्याकाळी त्या घरातच प्रार्थना होते आणि पुन्हा तो आकडा येतो. कद्दिश म्हणायला दहा जण हवेत. कद्दिश ही अरेमाइक भाषेतली प्राचीन प्रार्थना. तीत मृत्यूचा उल्लेखही नाही, फक्त ईश्वराच्या नावाची थोरवी आहे. आई-वडिलांसाठी अकरा महिने ती रोज म्हणण्याची प्रथा आहे आणि नंतर दरवर्षी मृत्युतिथीला, तीही ज्यू पंचांगाच्या तिथीने. शोकात असलेल्या माणसाला एकांतात ती म्हणता येत नाही. त्याला उठून नऊ लोकांत जावेच लागते आणि त्या नऊ जणांनाही त्याच्यासाठी घर सोडावे लागते. दरहमसारख्या ठिकाणी कुणी सभासद वारला की मंडळीत दूरध्वनींची साखळी सुरू होते: सोमवारी तू, मंगळवारी मी. एरवी वर्षातून एकदा, योम किप्पूरलाच दिसणारी माणसे त्या आठवड्यात कामावरून परस्पर शिवाच्या घरी येतात. त्या सात संध्याकाळी निभावून नेता आल्या तर मंडळी जिवंत आहे, असे खुशाल समजावे. इमारतीच्या डागडुजीवरून ते कळत नाही.

आता या दहांत मोजायचे कुणाला, हा वादाचा विषय आहे आणि तो केवळ तात्त्विक नाही. कर्मठ पंथात तेरा वर्षांवरील पुरुषच. रिफॉर्म पंथ, ज्याची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत झाली, स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथातही आता बहुतेक ठिकाणी स्त्रिया मोजल्या जातात, आणि त्याच पंथाच्या अमेरिकेतील समितीने १९५० मध्ये शब्बाथला सिनेगॉगपर्यंत गाडी चालवण्याची मुभा दिली. उपनगरांत पांगलेल्या लोकांसाठी तो निर्णय होता. तो नसता तर व्हिटबीसारख्या गावात सिनेगॉग चालवणे जवळपास अशक्य झाले असते. छोट्या गावांत मिश्र विवाहांची घरे बरीच असतात. ज्यू नसलेली सून किंवा जावई सणाची भांडी घासतो, मुलांना वर्गाला आणतो, हिशेब लिहितो, पण दहांत धरला जात नाही. कुणी दीर्घ अभ्यासानंतर धर्मांतर करतो, कुणी करीत नाही. मंडळीने माणसे टिकवायची की नियम, हा प्रश्न दर वार्षिक सभेत वेगळ्या नावाने पुढे येतो.

२०२० च्या महासाथीने त्यात भर घातली. पडद्यावरचा माणूस दहांत धरायचा का? कर्मठांनी ठाम नकार दिला. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने आणीबाणीपुरती सवलत मान्य केली. रिफॉर्म मंडळींत पडद्यावरची प्रार्थना आता बऱ्याच ठिकाणी रूढ झाली आहे. वयोवृद्ध सभासद आणि बर्फाळ रस्ते पाहता ते समजण्यासारखे आहे, पण शिवाच्या घरी पडद्यावरचा माणूस भात घेऊन येत नाही.

‘मोजले जाण्याचा’ हाच प्रश्न बेने इस्राएलांना इस्राएलमध्ये फार कटु रूपात सामोरा आला. १९४८ नंतर हजारो कुटुंबे तिकडे गेली. १९६२ मध्ये तेथील प्रमुख रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला, की बेने इस्राएल व्यक्तीचे इतर ज्यूशी लग्न लावण्याआधी तिच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांच्या आजी-पणजींनी कोकणात शनिवारचा घाणा बंद ठेवला, त्यांना आपले ज्यूपण सिद्ध करण्यास सांगण्यात आले. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. पद्धत अर्थातच भारतातून नेलेली. अखेर संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि आदेशातील त्यांचा उल्लेख वगळावा लागला. मुंबईत उदारमतवादी विचार त्याआधीच रुजला होता. १९२५ मध्ये ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन झाली ती डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने. त्या नामवंत प्रसूतितज्ज्ञ होत्या, पुढे पद्मश्रीने सन्मानित झाल्या. भायखळ्याचे ‘रोदेफ शालोम’ ही त्याच परंपरेतील मंडळी. व्हिटबी परिसरातील रिफॉर्म ज्यूंचे मराठी चुलते शोधायचे तर ते भायखळ्याला सापडतात.

सिनेगॉगच्या दाराशी आज पहारा दिसतो, त्याबद्दलही सांगायला हवे. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शब्बाथच्या सकाळी अकरा जणांची हत्या झाली. ऑक्टोबर २०२३ नंतर कॅनडातही माँट्रियलजवळच्या सिनेगॉगवर पेटत्या बाटल्या फेकण्याचे आणि टोरोंटोत ज्यू शाळेवर गोळ्या झाडण्याचे प्रकार घडले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे आपल्याकडे दसरा आणि त्यांच्याकडे योम किप्पूर होता त्या दिवशी, मँचेस्टरच्या सिनेगॉगवरील हल्ल्यात दोन भाविकांचा बळी गेला. म्हणून आता दार आतून बंद असते, पाहुण्याला आधी कळवावे लागते, नाव विचारले जाते. गाझातील युद्धाविषयी मराठी वाचकांचीच काय, खुद्द ज्यूंचीही मते टोकाची भिन्न आहेत. तरीही गावातल्या प्रार्थनेला येणाऱ्या आजीबाईंनी परराष्ट्र धोरणाचा जाब द्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कॅनडा सरकार प्रार्थनास्थळांना कॅमेरे आणि दारे यांसाठी अर्थसाहाय्य देते. त्यासाठी मंदिरे, मशिदी आणि गुरुद्वारेही अर्ज करतात. पहाऱ्याचा खर्च मात्र छोट्या मंडळीच्या वर्गणीवर जड पडतो. बेने इस्राएल अभिमानाने सांगतात, की शेजाऱ्यांनी त्यांचा छळ कधी केला नाही. मुंबईतील नरिमन हाउसवर २००८ मध्ये हल्ला झाला तो सीमेपलीकडून आलेल्यांनी केला.

छळ नव्हता, तरी माणसे गेली. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएलांची संख्या सुमारे २० हजार होती; आज ती ५ हजारांच्याही खाली आहे आणि बहुतेक वस्ती मुंबई-ठाणे पट्ट्यात आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. काही कुटुंबे कॅनडात आली आणि टोरोंटो परिसरात त्यांची ‘बिना’ ही स्वतंत्र मंडळी उभी राहिली. ‘बिना’ हे ‘उत्तर अमेरिकेतील बेने इस्राएल’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप. ही कुटुंबे जिथे गेली तिथे मलिदा घेऊन गेली: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, त्यावर फळे, आणि एलिया हनाबीच्या नावाने म्हटलेली प्रार्थना. नवसाला, लग्नाआधी, नव्या घरात. जगातील इतर ज्यूंना हा विधी ठाऊक नाही. व्हिटबीच्या मराठी घरात दडपे पोहे करणाऱ्याला त्याचे साहित्य नवे वाटणार नाही.

अलिबागच्या इस्राएल आळीत आता मोजकी घरे उरली आहेत. तिथले ‘मागेन अबोथ’ नेटके राखलेले आहे. एरवी दहा जण जमवणे कठीण, पण सणाला मुंबई-ठाण्याहून आळीचे जुने रहिवासी येतात, बेंगळुरूला किंवा इस्राएलला असलेली नातवंडे सुटीत आली असली तर त्यांनाही बरोबर आणतात. मग दारात उभे राहून कुणीतरी डोकी मोजतो. मोजतानाही माणसांना थेट आकडे लावायचे नाहीत, असा ज्यूंचा संकेत आहे. म्हणून दहा शब्दांचे एक वचन म्हणतात आणि प्रत्येक डोक्यामागे त्यातला एक शब्द उच्चारतात. वचन पुरे झाले की कपाट उघडते.